फोटोंचे बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला ठाऊक आहे की, सामान हलवणे सोपे. ते पुन्हा लावणे कठीण. चार खेपांत घर रिकामे होते. नव्या जागेत मात्र पंधरा दिवस चहाचे गाळणे सापडत नाही, आणि सापडते तेव्हा ते देवाच्या पेटीत निघते! तरी जुन्या बायका एका बाबतीत निर्धास्त असत. त्यांची तांब्यापितळेची भांडी कुठेही गेली, कोणाच्याही लग्नकार्यात मिसळली, तरी ओळखून परत घेता येत. कारण भांड्यावर नाव घातलेले असे. भांडे कोणाचे, कोणी दिले, कोणत्या निमित्ताने, कोणत्या साली, हे सारे त्या भांड्याच्याच अंगावर ठोकलेले. मांडणी बदलली, घर बदलले, मालकीण देवाघरी गेली, तरी नाव भांड्याबरोबर राही.

संगणक बदलताना या भांड्यांची आठवण ठेवावी, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

कारण हल्ली घरोघरी संगणकाचे बिऱ्हाड बदलते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या व्यवस्थेचा नियमित आधार थांबला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कोणी नवे यंत्र घेतो, कोणी जुन्याच यंत्रावर फुकट मिळणारे लिनक्स घालतो, कोणी ॲपलच्या वाटेला जातो. हिशेब, पत्रे, दाखले मुकाट्याने नव्या घरी येतात. पंचाईत होते ती फोटोंची. फोटो येतो, पण त्याची ओळख जुन्या घरीच राहते. नव्या पडद्यावर हजारो चेहरे आपल्याकडे पाहत असतात आणि त्यांतल्या निम्म्यांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत.

खतावणी आणि बिन कार्ड

मी महाळुंग्याचा, खेड तालुक्यातले, चाकणजवळचे महाळुंगे. माझ्या लहानपणी इथे बाजरी, ज्वारी आणि कांदा होता. पुढे औद्योगिक वसाहत आली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये चाकणच्या पट्ट्यात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या. मी स्वतः आधी भोसरीला आणि मग गावाजवळच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीसेक वर्षे काढली. स्टोअरकीपरचे आयुष्य म्हणजे एकच काम : मागितलेली वस्तू मागितल्या क्षणी काढून देणे. हजारो सुट्या भागांत एक वॉशर हरवला की लाइन उभी राहते, आणि मग साहेबांपासून हेल्परपर्यंत सारे जण तुमच्याकडे पाहू लागतात.

आमच्या स्टोअरमध्ये एक पक्का नियम होता. ऑफिसात खतावणी असे. पण प्रत्येक खणाला एक बिन कार्डही टांगलेले असे. त्यावर त्या मालाचे नाव, नंबर आणि आवक-जावक. खतावणी उद्या जळाली, संगणक बंद पडला, तरी खणापाशी उभे राहिले की कळावे, हा माल कोणता. नवा पोऱ्या कामावर आला की त्याला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगत असू : 'चिठ्ठी मालाला हवी, टेबलाला नको.'

फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांच्याही अशाच दोन जाती आहेत. एक जात फोटोची माहिती, म्हणजे नाव, तारीख, खालची ओळ, फोटोच्याच फाइलीत लिहून ठेवते. ते बिन कार्ड. दुसरी जात ती माहिती आपल्या स्वतःच्या खतावणीत लिहिते आणि फोटोला हात लावत नाही. ही खतावणी फार देखणी असते. एका बोटासरशी 'आत्या' म्हटले की साऱ्या आत्या हजर! पण ती वाचता येते त्याच प्रोग्रॅमला. तो प्रोग्रॅम गेला की खतावणी मुकी.

आणि प्रोग्रॅम जातात. पिकासा नावाचा सोपा, फुकट प्रोग्रॅम अनेकांना आठवत असेल. गूगलने तो २००४ मध्ये घेतला आणि मार्च २०१६ मध्ये त्याचा आधार थांबवला. ॲपलचा आयफोटो २००२ मध्ये आला. २०१५ मध्ये त्याची जागा फोटोज या नव्या प्रोग्रॅमने घेतली, आणि २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून आयफोटो चालतच नाही. गूगल फोटोज २०१५ मध्ये अमर्याद फुकट जागेसह आले. १ जून २०२१ पासून नवे फोटो ठराविक जागेच्या हिशेबात धरले जाऊ लागले. तिथून सारे फोटो एकदम उतरवून घेतले, तर तारखा आणि खालच्या ओळी शेजारच्या वेगळ्या छोट्या फाइलींत येतात. यात कोणाचे कपट नाही. दुकाने उघडतात, दुकाने बंद होतात. आपला माल मात्र आपलाच असतो.

दादांच्या याद्या

आमच्या घरातला संग्रह माझ्या थोरल्या बंधूंनी जमवला. आजीच्या ट्रंकेतले पिवळे पडलेले फोटो, लग्नांचे अल्बम, यात्रेत काढलेल्या तसबिरी, सारे त्यांनी स्कॅन केले. त्यात पुढे डिजिटल कॅमेऱ्याचे आणि मोबाइलचे फोटो मिळाले. एकंदर ३१ हजार फाइली. दोन हिवाळे बसून त्यांनी चेहऱ्यांना नावे दिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने दादांना नेले. त्यानंतर चार वर्षे तो संगणक तसाच होता. तो थकला तेव्हा माझ्या मुलीने नव्या यंत्रावर लिनक्स घातले, फोटोंसाठी डिजीकॅम नावाचा प्रोग्रॅम घातला आणि सारा संग्रह तिकडे आणला. फोटो एकूण एक आले. दादांनी दिलेली नावे आली नाहीत. ती जुन्या प्रोग्रॅमच्या खतावणीत होती.

पण दादा माझेच भाऊ! जुन्या डिस्कमध्ये त्यांची एक साधी यादी सापडली : फोटोचा नंबर आणि पुढे एक ओळ. अशा अकराशे ओळी. आनंदाने ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हे! एक शब्द वाचता येईना.

ज्यांनी २००५ च्या आसपास मराठी टंकलेखन केले आहे त्यांना हे दुखणे माहीत आहे. युनिकोड घरोघरी पोचण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे अनेक टंक चालत. त्यांतल्या पुष्कळांची युक्ती अशी की, इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवायचा. डोळ्यांना 'क' दिसे. संगणकाच्या लेखी तिथे रोमन लिपीतलेच एखादे अक्षर असे. तो टंक नव्या यंत्रावर नसला की मुखवटा गळून पडे. वास्तविक भारतीय लिप्यांचे इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये झाले होते. त्यामागे पुण्याच्या सी-डॅकचे मोठे काम होते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण प्रमाण ठरणे वेगळे आणि ते टेबलावर येणे वेगळे.

आमच्या भागातल्या लोकांना याची जुनी उपमा सुचेल : मोडी. जमिनीच्या कामासाठी आजोबा-पणजोबांचे कागद बाहेर काढावेत, तर ते मोडीत. कागद धडका, शाई ठसठशीत, आणि घरात एकाला वाचता येत नाही. मग मोडी वाचणाऱ्याचा शोध! पेशवे दप्तराचेच पाहा. हजारो रुमालांत बांधलेली ती पत्रे पुण्यात सुखरूप होती. पण गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून वेचून ४५ खंड काढले, तेव्हा ती अभ्यासकांच्या हाती आली. पत्र टिकणे ही निम्मी गोष्ट. ते कोणाचे, कधीचे आणि कशाबद्दलचे, हे ठरवणारा माणूस भेटणे ही उरलेली निम्मी.

आमच्या यादीचे मोडी मुलीने सोडवले. जुन्या टंकाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यांनाही थोडे हाताखाली घ्यावे लागते. कारण जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर, तर युनिकोडमध्ये दोन्ही उच्चाराच्या क्रमाने बसतात. रूपांतर बिघडले की 'किसन'चा 'कसिन' होतो. दोन रात्री हे चालले. तिसऱ्या रात्री दादांच्या ओळी पडद्यावर उमटल्या. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

एका नंबराचे तीन धनी

यादी आली, पण नंबरांनी घोळ घातला. कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा १ वर येतो. स्कॅनर आपली मोजणी वेगळी करतो. म्हणून '०४१२' या नावाचे तीन फोटो निघाले : एक ट्रॅक्टरचा, एक वरातीचा आणि एक लहान मुलीचा. दादांची ओळ एवढीच : 'आळंदी. ताई.' ट्रॅक्टर ताई नव्हे हे खरे. वरातीत ताया पुष्कळ. शिवाय आमच्या घरात 'ताई' म्हणवून घेणाऱ्या पाचजणी आहेत. नात्याची हाक हाक मारणाऱ्यावर अवलंबून असते, ही गोष्ट फोटोखाली ओळ लिहिताना आपण विसरतो. माझा मामा माझ्या मुलाचा आजा असतो. आणि नातवाने 'मामा' वाचले की त्याच्या डोळ्यांपुढे तिसराच माणूस उभा राहतो.

आता विचारायचे कोणाला? माझी थोरली चुलती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या पिढीतले दुसरे कोणी उरले नाही. एका डोळ्याने तिला आता धूसर दिसते. दुसरा शाबूत आहे. दर रविवारी दुपारी आम्ही तिच्यापुढे मोठा पडदा लावू लागलो. एका बैठकीत वीस फोटो; त्याहून जास्त नाही, कारण प्रत्येक फोटोला गोष्ट असते आणि गोष्ट मध्येच तोडली तर पुढची येत नाही. मुलगी मोबाइलवर आवाज टिपून घेई. मी वहीत नावे लिहीत असे.

"काकू, हा कोण?"

"आरं, ही आपली वरच्या मळ्याची ईर. नवं इंजान बसावलं व्हतं तवा."

"विहीर नव्हे गं, हा माणूस."

"त्यो व्हय! त्यो इंजानवाला."

काकूच्या काही रीती शिकाव्या लागल्या. काकांचा फोटो आला की ती "हे आमच्या घरचे" म्हणून पदर पुढे ओढी; नाव काही घेईना. शेवटी नातीने हट्ट धरला तेव्हा उखाण्यात घेतले, आणि ते रेकॉर्ड झाले. "धाकल्या वन्सं", "मामंजी", "थोरल्या जाऊबाई" यांची खरी नावे काढायला आम्हांला वंशावळ मांडून बसावे लागले. बायकांच्या नावांचा गुंता सर्वांत मोठा. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. काहींचे तर पाळण्यातले नावही लग्नात बदललेले. अल्बममधली परकरी पोर आणि वीस वर्षांनंतरच्या फोटोतली सुवासिनी या एकच, हे संगणक सांगत नाही. चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम सारखे चेहरे एकत्र आणतो, हे खरे. आमच्याकडे त्याने आजोबा आणि नातू यांना एकच माणूस ठरवले! नाव मात्र माणसानेच सांगावे लागते.

तारखांचीही तीच तऱ्हा. काकूला सन माहीत नाहीत. तिला घटना माहीत आहेत. "पानशेत फुटलं त्या साली" म्हणजे १९६१. "कोयनेचा भूकंप झाला तवा" म्हणजे १९६७ चा डिसेंबर. "दुष्काळात, खडी फोडायला जायचो तवा" म्हणजे १९७२. "इंदिराबाईंना मारलं तवा" म्हणजे १९८४ चा ऑक्टोबर सरता सरता. इतिहास संशोधकाला जशी जंत्री, तशी आम्हांला काकू! फोटोंतही खुणा असतात. गाडीच्या पाटीवर 'एमएच' अक्षरे असतील, तर फोटो १९८९ च्या मध्याच्या आधीचा असू शकत नाही. नंबरांची ती पद्धत नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी '०४१२' निघाला. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर उभी केलेली चार-पाच वर्षांची मुलगी. तेल लावून चापून बसवलेले केस, मोठे झालेले फ्रॉक. काकू पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"ही माझी थोरली," ती म्हणाली. "पानशेतच्या साली, कार्तिकीला काढला. पुढल्या साली गोवरानं गेली."

काकूला पहिली मुलगी होती, हे मी ऐकून होतो. तिचा फोटो आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. आजीच्या ट्रंकेत तो साठ वर्षे पडून होता. दादा त्या वेळी तीन वर्षांचे. ते तिला ताई म्हणत, म्हणून यादीत 'ताई'. पंचांगाप्रमाणे १९६१ ची आळंदीची कार्तिकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. तारीख लागली, गाव लागले. मी काकूला तिचे नाव विचारले. तिने सांगितले. त्या पोरीला शाळेत घातले नव्हते. आमच्या घरातल्या एकाही कागदावर तिचे नाव नाही. इतकी वर्षे ते एका म्हाताऱ्या बाईच्या मनात होते. आता ते त्या फोटोच्या फाइलीत लिहिलेले आहे. उद्या डिजीकॅम गेला, लिनक्स गेले, तरी ते तिथेच राहील.

लावण्याची रीत

आता वाचकांच्या उपयोगाचे चार शब्द. ही रीत आम्हांला लागू पडली. कोणत्याही संगणकावर चालावी.

पहिली गोष्ट : मूळ डिस्क तशीच बाजूला ठेवा, काम प्रतीवर करा. प्रत घेतल्यावर नुसत्या फाइलींची संख्या मोजून थांबू नये. प्रत्येक फाइलीचा एक 'ठसा' काढणारे प्रोग्रॅम असतात. फाइलीतला एक कण बदलला तरी ठसा बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळले की समजावे, माल पोचला.

दुसरी : जुळी हुडकावी. ठसे तंतोतंत जुळणाऱ्या दोन फाइलींतली एक खुशाल काढावी. आमच्या ३१ हजारांच्या अशा १९ हजार राहिल्या. पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मुळाहून लहान झालेला असतो आणि त्याच्या पोटातली तारीखही निघून गेलेली असते. मूळ आणि तो, दोन्ही असतील तर मूळ ठेवावा. मूळ नसेल तर व्हॉट्सॲपच्या फाइलीच्या नावात बहुधा एक तारीख असते. ती फोटो पाठवल्याची किंवा आल्याची, काढल्याची नव्हे. यापुढे नातेवाइकांना सांगावे की, चांगला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा तो पोटातल्या माहितीसकट येतो.

तिसरी : तारीख. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या माहितीला एक्झिफ म्हणतात. १९९५ पासूनचे हे प्रमाण. पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असले तर एक्झिफही चुकीचे. एखादे लग्न भलत्याच सालच्या १ जानेवारीला झालेले दिसले तर ओळखावे की बॅटरी उतरली होती. सर्व फोटोंची वेळ सारख्याच अंतराने पुढे ढकलली की लग्न मुहूर्तावर येते. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख पडते. ती हाताने बदलावी. इथे एक गंमत. लिनक्ससारख्या व्यवस्थांत काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून होते, आणि पेन ड्राइव्हवरच्या फॅट या जुन्या मांडणीत फाइलीची तारीख १९८० च्या मागे जातच नाही. म्हणून जुन्या फोटोचे साल फाइलीच्या तारखेवर न सोडता नावात आणि पोटात, दोन्हीकडे लिहावे.

चौथी : नाव. फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणजे कोणत्याही यंत्रावर फोटो आपोआप ओळीने लागतात. आकडे एकाच लिपीतले असावेत. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असले की ओळ मोडते. एक सूक्ष्म अडचण मराठीचीच. आमच्या संग्रहातला काही भाग एका भाच्याच्या जुन्या ॲपल संगणकावर जाऊन परत आला होता. नव्या यंत्रावर 'नवऱ्याकडची मंडळी' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू लागले. अक्षरात काडीचा फरक नाही! कारण ते 'ऱ'. युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध लिहिता येते, आणि 'र' खाली नुक्ता देऊनही. ॲपलच्या जुन्या डिस्कमांडणीत दुसरी रीत होती. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. म्हणून फाइलीच्या नावात फक्त आकडे ठेवावेत आणि मराठी ओळ फोटोच्या पोटात, वर्णनाच्या जागी लिहावी. डिजीकॅममध्ये 'माहिती फाइलीतच लिहा' अशी सोय आहे. ती चालू करावी. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम हेच काम शेकडो फोटोंवर एकदम करतो.

ओळ लिहिताना डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावे, वडिलांच्या नावासह. बायकांची दोन्ही नावे. नाते लिहायचेच तर 'अमक्यांची बहीण' असे लिहावे. नुसते 'आत्या' नको. माहिती कोणी सांगितली, तेही लिहावे. आमच्या कित्येक ओळींच्या शेवटी 'काकूने सांगितले' असे आहे.

पाचवी : तीन प्रती. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम रूढ केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. आमची तिसरी प्रत नाशिकला मुलीच्या सासरी आहे. दर दिवाळीला ती येते, नवी भर घेते आणि फराळाच्या डब्याबरोबर परत जाते.

गाव कुठे होते

हे काम चालू असता एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही माणसांची नावे शोधत होतो. त्याबरोबर जागांची नावे सापडत गेली. वरचा मळा, चिंचेचे शेत, पाणंद. आज त्या जागांना प्लॉट नंबर आहेत. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश असतात. जुन्या फोटोत नसतात. मग मागच्या भामचंद्राच्या डोंगराच्या कडेवरून काकू सांगे की फोटो कोणत्या बांधावर उभे राहून काढला. तो बांध आज एका कारखान्याच्या कुंपणात आहे. डोंगर तसाच आहे. पोरांना दाखवले तेव्हा ती चकित झाली. ज्या गेटातून रोज पहिल्या पाळीला आत जातात, तिथेच त्यांच्या पणजोबांची मोट चाले!

'चेतक' या शब्दाचा शोध घेतला तर आता दोन प्रकारचे फोटो येतात : १९७२ पासून रस्त्यावर आलेली ती जुनी स्कूटर, तिच्यावर काका आणि मागे तिरपी बसलेली काकू, आणि २०२० मध्ये आलेली विजेवरची चेतक, तिच्यावर त्यांची नात. काकू दोन्ही फोटो पाहून म्हणाली, "हिचा आवाज येत न्हाई. येनार कळायचं कसं?"

दादांच्या अकराशे ओळींपैकी नऊशेंना आता त्यांचे फोटो मिळाले आहेत. काकूने आणखी सहाशे फोटोंतली माणसे सांगितली. उरलेल्यांसाठी रविवार चालू आहेत. मात्र बैठक आता वीसवरून बारा फोटोंवर आली आहे, कारण ती लवकर दमते. संगणक थांबायला तयार असतो. डिस्कही नीट ठेवली तर काही वर्षे थांबते. थांबत नाही ते माणूस.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला घर झाडताना माळ्यावरची ट्रंक आणि टेबलावरचा संगणक, दोन्ही उघडा. कोणता प्रोग्रॅम चांगला याचा वाद पाडव्यानंतर घाला. भाऊबीजेला सारी मंडळी जमतील. त्यांतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला बरी खुर्ची द्या, खिडकीचा उजेड पाठीमागे घ्या, आणि वीस फोटो पुढे ठेवा. कागद-पेन्सिल हाताशी असू द्या. पहिला प्रश्न सोपा आहे : "हे कोण?" उत्तर आले की त्याच दिवशी ते फोटोवर घाला, भांड्यावर घालतात तसे, पुसता येणार नाही असे.